थंड खोकी

या नोकरीत का आलात, हे माणसाला एकवीस वर्षांनी विचारू नये. जयवंतला ते विचारलं, आणि तेही छापील कागदावर.

दोन हजार पाच साल होतं. वसई पूर्वेला प्लास्टिकच्या बादल्या बनवणारी एक कंपनी होती, तिच्या गोदामाचा जयवंत कारकून. माल रचायचा, जुना आधी काढायचा, गाडी वेळेवर रवाना करायची, एवढंच त्याचं जग. आता गोदाम भिवंडीला हलणार होतं. नऊ जणांतले दोघेच तिकडे जाणार, बाकीचे घरी. आणि ते दोघे या कागदावरून निवडणार, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

कागदावर चार चौकटी होत्या: पगार, बढती, नवीन तंत्रज्ञान, इतर.

"पगारावर खूण करा आनि जेवायला या," त्याची बायको यमुना म्हणाली. "सगळे तेच करनार."

पण या शहाण्याने ‘इतर’वर खूण केली आणि मागची कोरी बाजू भरून काढली.

त्याच्या वडिलांचा, श्रीपतचा, वसईजवळच्या गास गावात विड्याच्या पानांचा मळा होता. पानं करंडीत बांधून वसई स्टेशनावरून उत्तरेकडे जायची. करंडी उचलण्याआधी श्रीपत तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचा. "पानां आतून तापतात," तो सांगायचा. "हाताला ऊन लागली का गेली." चौऱ्याहत्तर साली रेल्वेचा संप झाला तेव्हा बारा करंड्या फलाटावर अडकल्या. श्रीपत रोज जाऊन हात घालून यायचा. चौथ्या दिवशी त्याने हात झटकन मागे घेतला. सगळी पानं त्याने स्वतः गटारात ओतली. जयवंत तेव्हा बारा वर्षांचा होता. मोठेपणी आपण माल पोचवणारा माणूस व्हायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं. पुढे मळा रोगाने बसला, श्रीपतही गेला. जयवंतने मात्र टपालाने गोदामाच्या कामाचा अभ्यासक्रम केला आणि या कंपनीत चिकटला. गाडी भरण्याआधी तो एक खोकं उघडून आत हात घालायचा, "ठीक" म्हणायचा आणि मगच सही करायचा. लोक हसायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे.

आठवड्याने उन्नती मॅडमनी त्याला बोलावलं. एव्हरशाईन सिटीत राहणारी, पंचविशीतली, नोकरभरती बघणारी मुलगी. वाईट अजिबात नव्हती.

"काका, तुमचं वाचून मला रडू आलं, खरंच," ती म्हणाली. "पण आपल्याकडे नासणारं काहीच नाहीये ना? बादल्या आहेत."

इतकी साधी गोष्ट एकवीस वर्षांत जयवंतला कुणी सांगितली नव्हती.

"पण मॅडम, पुढे कुनीतरी मालाची वाट बघत असतं ना?"

"कोण, काका? भिवंडीत सहा महिन्यांचा साठा पडून राहणार आहे." तिने कागद हळूच घडी करून त्याच्यापुढे सरकवला. "तुम्ही हा ठेवा. फाइलला नको लावायला."

यादी लागली. नवीन तंत्रज्ञानावर खूण करणारे दोघे निवडले गेले. जयवंतला राग आला नाही. त्याला लाज वाटली, आणि ती रागाहून वाईट होती.

शेवटची गाडी महिनाअखेरीला भरली. सवयीने त्याने एक खोकं उघडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. आत थंडगार. पहिल्या दिवशीही असंच थंड होतं आणि मधल्या सगळ्या दिवसांतही. रोज त्याला किती हायसं वाटायचं! आज हात आतच राहिला. बादल्यांच्या गुळगुळीत कडांवरून तो बोटं फिरवत उभा होता, कुठे जरा तरी ऊब लागते का ते बघत.

"काका, आत काय पडलं का?" ड्रायव्हरने खालून विचारलं.

"नाय," जयवंत म्हणाला. त्याने हात काढला, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि कागदावर सही केली.