छपरावरून ऐकलेला शेवटचा भाग

शिडी माझ्याच पायाने पडली. आमच्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावात दुपारपासून धुकं आणि वारा होता, टीव्हीवर माणसांच्या जागी मुंग्या दिसत होत्या, म्हणून अँटेना सरळ करायला मी पत्र्यावर चढलो आणि शेवटच्या पायरीवरून शिडीलाच लाथ हाणली. अँटेनाचा खांब धरला तसं खालून ओरडणं आलं की चित्र आलं, आता हलू नका. सोडला की चित्र जाई. मग शिडी उचलायला कोण उठतंय!

गल्लीत टीव्ही आमच्याकडेच. दर आठवड्याला त्यावर अमेरिकेत काढलेली, पण फ्रेंच बोलणारी एक मालिका लागे. एक माणूस रॉकेटमधून भरकटलेला, घराचा रस्ता शोधत या ग्रहावरून त्या ग्रहावर जातोय. बेटावरची फ्रेंचमधून झालेली क्रेओल बोली सगळ्यांनाच येई, त्यामुळे निम्मं फ्रेंच समजे. उरलेलं मी मराठीत सांगायचो, आणि दुभाष्या म्हणून मला घरात जरा मान होता. उडत्या तबकडीला फ्रेंचमध्ये म्हणतात त्या 'सूकूप'ची मी बशी केली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, बशी उडाली, मग कप कुठं राहिला? त्या संध्याकाळी दुभाष्याच छपरावर राहिला.

सासूबाई आमच्या शेजारच्याच घरात राहत. माझ्या मेहुणीला विलायतेत नर्सिंग शिकायला जागा मिळाली होती. सासूबाई हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. एकदा तो रॉकेटवाला एकटाच खिडकीतून पृथ्वी शोधत बसला होता, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता त्या लेकीला म्हणाल्या, "ह्यो मानूस घरी पोचला तर तू पन जा." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. तेव्हापासून मेहुणी तो कार्यक्रम परीक्षेच्या निकालासारखा बघू लागली.

माझंही तसंच झालं. पोर्ट लुईला आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी चहाला हाच विषय. एक सहकारी रॉकेटमध्ये हवा किती उरली याचा हिशेब मांडायचा. त्याच्या मते तो गडी केव्हाच मेलेला होता आणि आपण बघतोय ते उगाच. दुसरा म्हणे, मेला तर पुढच्या आठवड्यात दाखवतील काय? मी या दुसऱ्याच्या पक्षात होतो. मेहुणीचं त्यात काय अडकलंय, हे ऑफिसात बोललो नव्हतो.

तर पत्र्यावर मी खांबाला मिठी मारून उभा, आणि खाली शेवट चाललेला. संगीत थांबलं. मग ते रॉकेट पाठवणाऱ्या, पृथ्वीवरच्या म्हाताऱ्या साहेबाचा आवाज आला. 'रेव्यांद्रा', म्हणजे 'परत येईल', एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. आता फ्रेंचचं आपल्या मराठीसारखंच आहे. 'येणार' ऐकून चालत नाही, 'नाही' येतंय का म्हणून थांबावं लागतं. त्यांचा नकार म्हणजे शेवटचा एवढासा 'पा'. आधी एक 'न' असतो, पण तो म्हातारे साहेब तोंडातल्या तोंडात गिळतात. 'पा'च्या जागी माझ्या कानात वारा आला.

शिडी लागली. दारातच सासूबाई उभ्या. "काय म्हनाला तो म्हातारा?"

"येणार म्हणाला," मी सांगितलं.

शेजारच्यांपैकी काहींनी 'पा' ऐकला होता. बाकीचे म्हणाले, ती पुढच्या वाक्याची सुरुवात होती. पुढच्या आठवड्यात कळेलच, असं ठरलं आणि लोक घरी गेले. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला उसावरच्या किडीची माहिती लागली. निवेदिकेने गोड आवाजात सांगितलं की मालिका संपली.

ऑफिसात त्याचाही खल झाला. कुणी म्हणालं, रिळं बोटीवर भिजली. कुणी म्हणालं, अमेरिकेतच लोक कंटाळले म्हणून बंद केली. हिशेबवाल्याने मात्र हवेच्या हिशेबाचा कागद फाडून टाकला. मेलेल्या माणसाचं त्यालाच सगळ्यांत जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

सासूबाईंनी फारशी चौकशी केली नाही. जावई कशाला खोटं सांगतील, एवढंच म्हणाल्या, आणि लेकीसाठी जाड लोकरीचा कोट शोधायला निघाल्या. आमच्या बेटावर तसा कोट शोधणं हे रॉकेटने घरी येण्याइतकंच कठीण, पण त्यांनी शोधला.

मेहुणीची बोट सुटली त्या दिवशी बंदरावरून आम्ही बसने परत येत होतो. सासूबाई पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मी बायकोला हळूच म्हटलं, बरं झालं, नेमकं तेवढं तरी मला छपरावर ऐकू आलं.

बायको त्या संध्याकाळी टीव्हीच्या अगदी समोर बसली होती, आणि शाळेत तिचं फ्रेंच माझ्यापेक्षा चांगलं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बरं झालं तुम्ही वर होतात. खाली असतात तर 'पा'सकट सांगितलं असतं."