सरासरीनं फसवलेली वहिनी

आमच्या थोरल्या वहिनीचं काम घरात कुणालाच धड सांगता येत नाही. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. बाहेरचं रसायन येऊन त्यांना चिकटलं की आत निरोप जातो. त्या निरोपात माहिती किती नि गोंगाट किती, याचं गणित मांडायचं, हा वहिनीचा धंदा. तिच्या सासूबाई विचारणाऱ्याला सांगतात, "कॉम्प्युटरवर चुगल्या मोजते." यात फारसं खोटं नाही.

वहिनीच्या गणितात एकेक पेशी भलतीच हुशार निघाली होती. बाहेर रसायन चिमूटभर आहे, मूठभर आहे की ओंजळभर, सगळं तिला बारीक कळतं म्हणे. आलेख तर असा चढायचा, जसं लोण्यावरून बोट फिरावं. प्रयोगशाळा चालवणारे सर खूश. त्याच आलेखावर समिती ठरवणार होती, वहिनीला ठेवायचं की नारळ द्यायचा.

बैठकीच्या सकाळीच मायक्रोस्कोपवाली आली. ही वहिनीच्या शेजारच्या खोलीत बसते आणि तिच्या जिभेला हाड नाही.

"हे घे, एकेका पेशीचे फोटो. कधीची मागे लागली होतीस."

वहिनीनं पाहिलं. निरोप पोचलेली पेशी फोटोत उजळते. रसायन थोडं घातलं तिथं काही पेशी लख्ख पेटलेल्या, बाकीच्या ठार काळ्या. जास्त घातलं तिथं पेटलेल्या जास्त, एवढंच.

"अगं, मंद पेटलेल्या कुठायत?"

"असल्या तर दाखवू ना! एक तर बोंबलते, नाहीतर घोरते."

वहिनीनं आपला आलेख फोटोंशेजारी ठेवला. आजवर ती हजारो पेशींचा एकत्र लगदा करून काढलेले आकडे वापरत होती. भावकीत विचारावं, जेवण तिखट झालं का. निम्म्यांनी हात वर करावा. आणि आपण लिहावं, प्रत्येकाला निम्मं तिखट लागलं. तसली गत. तो गुळगुळीत चढ गर्दीचा होता. एकट्या पेशीला हो किंवा नाही, याच्या पुढं बोलता येत नव्हतं.

फोटो बघून सर म्हणाले, "आज जुनंच दाखव. समितीत कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना, सर."

"तुला कळून नोकरी टिकणार आहे का?"

वहिनीनं बाहेर येऊन दादाला फोन लावला. दादा बेकरीत भट्टीवर असतो.

"अहो, मी आज पायावर धोंडा पाडून घेणार आहे."

"कितवा?"

"थट्टा नको. गप्प बसू का?"

"तुला जमणारे? माझा करपलेला पाव तू गिऱ्हाईकाला उलटा करून दाखवतेस. पाड धोंडा. पीठ वाट बघतंय माझं."

वहिनीनं समितीपुढं फोटो लावले. एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे तुमचं मॉडेल चुकलं?"

"एका पेशीपुरतं सपशेल. गर्दीपुरतं ठीक आहे."

"आधी कसं नाही दिसलं?"

"मी आकडेच बघत होते. पेशी कधी बघितलीच नव्हती."



नोकरी राहिली, पण म्हाताऱ्यानं अट घातली: निम्मा आठवडा गणित, निम्मा आठवडा मायक्रोस्कोपवालीच्या हाताखाली पेशी सांभाळायच्या. पहिल्याच दिवशी वहिनी ताटली उबेच्या पेटीत ठेवायची सोडून टेबलावरच विसरली. पेशी साफ मेल्या.

"बये, तुला खरं बोलायला सांगितलं होतं कुणी?" मायक्रोस्कोपवाली कपाळ बडवत म्हणाली. "निस्तरायचं मलाच!"

"बडबड नंतर कर," हातमोजे ओढत वहिनी म्हणाली. "दुसरी ताटली दे."