काकूंच्या नावाचं कुलूप

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आम्ही पाच जण एकाच संगणकावर काम करायचो. एकाने केलेला बदल दुसऱ्याने पुसू नये आणि जुनी प्रतही शाबूत राहावी, म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला होता. फाइल मागितली की तो फाइलींच्या सगळ्या साठ्याला मागणाऱ्याच्या नावाचं कुलूप लावायचा, "नक्की ना?" विचारायचा, फाइल द्यायचा आणि कुलूप काढायचा. मला त्याचा केवढा तोरा!

पण कुलूप अधूनमधून तसंच राहायचं आणि सगळ्यांचं काम अडायचं. नाव दर वेळी काकूंचं. पन्नाशीच्या काकू सक्करदऱ्याहून सायकलने यायच्या. वीस वर्षं टंकयंत्रावर काढून नुकत्याच संगणकावर आल्या होत्या. मी त्यांना फाडफाड बोलायची. शेवटी साहेबांनी त्यांचं जुनं टंकयंत्र टेबलावर आणून ठेवलं. येत्या सोमवारपासून त्यांनी पुन्हा त्याच्यावरच बसायचं होतं.

"मी काही नाही केलं वं," एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी चिडूनच त्यांच्या मागे उभी राहिले. "नक्की ना?" आलं. आम्ही बाकीचे न वाचताच 'हो' दाबायचो. काकूंनी 'नाही' दाबलं आणि कागद पुन्हा तपासायला घेतला. टंकयंत्रावर चूक सहज पुसता येत नाही, म्हणून आधी तपासायची त्यांची जुनी सवय. 'नाही' म्हटल्याबरोबर माझा प्रोग्राम तिथेच थांबला, कुलूप न काढता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छापील कोड फरशीवर पसरून लाल पेन्सिलीने शोधू लागले, तर प्रोग्राम अर्ध्यातूनच निघून जायच्या नऊ जागा सापडल्या. एकीनेही कुलूप काढलेलं नव्हतं. दुपारपर्यंत त्या सगळ्या वाटा मी एकाच दाराशी आणल्या: आधी कुलूप काढायचं, मगच बाहेर पडायचं. कोड आखूड झाला, वाचायलाही देखणा. मी एकटीच हसत सुटले.

"काकू, चूक माझी होती," मी सगळ्यांसमोर सांगितलं.

"मंग आता तर्री-पोहे तू चारजो."

त्यांनी 'नाही' दाबलं. कुलूप निघालं. पुन्हा दाबलं, पुन्हा निघालं. टंकयंत्र परत न्यायला साहेब स्वतः आले आणि म्हणाले, "जरा सरकता का?"

काकूंनी मान वर केली नाही. "थांबा जी सायेब, मी अजून 'नाही' म्हणून राहिली."