साहेबापुढं काही करून दाखवू नका

सरकारी रांगेत माणूस अर्धा दिवस उभा राहिला की एखादा किस्सा घेऊनच घरी येतो. आम्ही दोन वर्षं उभे होतो. तेव्हा आमच्याजवळ किती साचले असतील ते तुम्हीच समजा. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण एवढं तर लिहिता येतं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणतात. पण सरकारी कागदांवर मी ते पन्नासदा लिहिलं, आता कसली लाज? सुखदेव. आम्ही लाखांदूरकडचे, तलावात मासोळ्या धरणारे. धान मळायच्या मशीननं त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि बाजूची दोन बोटं नेली. जो जाळं घेऊन पाण्यात उतरेल त्यालाच मासोळीचा हिस्सा, असा आमच्या तलावाचा नियम. हा उतरेना, हिस्सा बंद. माझा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आणि कापणी सोडली तर बाकीचे महिने घरात चूल कशी पेटते ते मलाच माहीत. म्हणून सरकार महिन्याला देतं तो निराधारचा पगार पाहिजे होता. पगाराला अपंगाचं सर्टिफिकेट लागतं, आणि सर्टिफिकेटवर निदान चाळीस टक्के लागतात.

तपासणी बुधवारी. पहिल्या एसटीनं निघायचं आणि दवाखान्यातल्या लांब बाकड्यावर बसायचं. तिथंच आमची मंडळी जमली. करडीची अंजिराबाई, जन्मापासून डोळ्यांनी आंधळी आणि तोंडानं माझ्यासारखी फटकळ. दुसरा देवाजी, नाकाडोंगरीकडचा पानठेलेवाला, पोलिओनं एक पाय बारीक. आणि आम्ही दोघं.

* * *

अंजिराबाईचा नंबर आला. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरनं तिच्यासमोर हात धरला. "बाई, किती बोटं आहेत?"

"पाच असतील जी."

डॉक्टर चमकला. हात त्यानं अख्खाच धरला होता. "तुम्हाला दिसतं?"

"दिसाचं काय त्याच्यात? साऱ्यायले पाचच असते."

बाकड्यावरून माझा नवरा शांतपणे बोलला, "मले नाही जी."

अंजिराबाईला मात्र डॉक्टरनं डोळ्यांच्या मोठ्या तपासणीला नागपूरला पाठवलं. पाच म्हणाली नसती तर त्याच दिवशी मोकळी झाली असती.

* * *

देवाजीचं तर विचारूच नका. तपासणीत चालून दाखवावं लागतं असं त्याला कोणीतरी सांगितलं. यानं काय करावं? बारीक पायाच्या चपलेला मोचीकडून जाड तळवा लावून घेतला आणि पंधरा दिवस अंगणात सरळ चालायची प्रॅक्टिस केली. बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून आला. डॉक्टर म्हणाला चाला, तर हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असा चालला की काठी घ्यायचीही गरज पडली नाही. वरून विचारतो, "आणखी एकदा चालू का जी?"

बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "काहून रे देवाजी, पोरगी पाहाले आला का सोयरीक जमवाले?"

तो म्हणाला, "ताई, जनमभर लोकायनं लंगड्या म्हटलं. एवढा मोठा डॉक्टर पाहून राहिला, त्याच्यापुढंबी लंगडू का?"

त्याचं काम सहा महिने पुढं गेलं.

* * *

मी देवाजीला हसले, आणि दुसऱ्याच बुधवारी माझ्या घरचा शहाणा आत गेला.

डॉक्टरनं हात फिरवून पाहिला, बोटं वाकवून पाहिली. मग म्हणाला, "डावा हात आहे. उजवा असता तर दोन-चार टक्के जास्त लागले असते."

मी म्हटलं, "मशीनले सांगाले पाहिजे होतं जी."

डॉक्टर हसला नाही. सुखदेवला विचारलं, "शर्टाचं बटण लावता येतं?"

आता हो म्हणायचं कशाला? पण यानं मान खाली घातली, काजाची पट्टी दातात धरली, उजव्या हातानं टपकन बटण लावलं. पण डॉक्टर तेव्हा कागदाकडे पाहत होता. तर यानं ते बटण काढलं, डॉक्टरनं वर पाहायची वाट पाहिली, आणि परत लावलं.

अडतीस टक्के.

एसटीत मी त्याला लाखांदूर येईपर्यंत सोडलं नाही. कंडक्टर म्हणाला, बाई, हळू. मी कंडक्टरलाही सोडलं नाही. सुखदेव खिडकीतून बाहेर पाहत एवढंच बोलला, "नवीन मानूस. नाही येत म्हटलं असतं तं काय म्हणला असता आपल्याले?"

* * *

मला वाटलं, मूर्खपणा काय तो पुरुषांचाच. मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घराची चौकशी करायला साहेब येणार असा निरोप आला.

मी आदल्या दिवशी भिंती पोतारल्या, अंगण सारवलं. शेजारच्या कमळाबाईची फुलांची चादर आणून खाटेवर घातली, तिच्याकडचेच कानाचे कप आणले. घरात दूध नव्हतं, तेही आणलं. साहेब आले, चादरीवर बसले, चहा प्याले, म्हणाले, "छान ठेवलं घर." मी सुखावले.

साहेबांनी जाता जाता कागदावर लिहिलं: परिस्थिती बरी.

मी कप धूत बसले. सुखदेव दारात बिडी ओढत होता. एसटीतल्या सगळ्याची त्यानं तिथं वसुली केली. म्हणाला, "म्या तं एकच बटण लावून दाखवलं. तू अख्खं घर सजवून दाखवलं."

दाखला काही मिळाला नाही, परत अर्ज केला. या वेळी साहेब न सांगता आले, मी रोवण्यावर होते. घर जसं होतं तसं त्यांनी पाहिलं. दाखला मिळाला.

* * *

राहिले दोन टक्के. फेरतपासणी मागितली आणि महिनाभर मी नवऱ्याची शाळा घेतली. बटण लागते का? नाही जमत जी. पायजाम्याची नाडी? नाही जमत जी. बुधवारी दवाखान्यात गेलो की अंजिराबाई बाकड्यावरून डॉक्टर बनून प्रश्न विचारायची. देवाजी म्हणायचा, "आवाज पाड, भाऊ, आवाज पाड."

आत गेलो तर डॉक्टर नवीन, एक तरुण बाई. तिनं बटणाचं काही विचारलंच नाही. "काम काय करता?"

"जाळं फेकतो जी." फेकतो म्हणाला, फेकत होतो नाही.

तिनं तपासायच्या खाटेवरची चादर ओढून त्याच्या हातात दिली. "हे जाळं समजा. फेका."

मी मनात म्हटलं, हा आता फेकणार, आणि गेलं आपलं सगळं.

सुखदेवनं चादरीच्या घड्या घेतल्या. अर्धी उजव्या हातात धरली, एक काठ दातात. बाकीची डाव्या हाताच्या अंगठ्याला अडकवायची असते. ती घसरली. त्यानं परत गोळा केली. परत घसरली. तिसऱ्यांदा त्यानं हात पोटाशी धरून पाहिलं. आम्ही शिकवलेलं काहीच तो करत नव्हता. त्याला खरंच फेकायचं होतं.

मग त्यानं चादर झटकली, नीट घडी केली आणि खाटेवर ठेवली.

त्या बाईनं पंचेचाळीस लिहिले.

बाहेर आलो तर अंजिराबाई म्हणाली, "काहून वो, आज भांडन आयकू नाही आलं? नाही देल्ले का?"

"देल्ले," मी म्हटलं आणि तिच्याजवळ बाकड्यावर बसले.

* * *

पगार मंजूर झाल्याचा कागद घ्यायला तालुक्याला गेलो. क्लार्क भला माणूस, पण नियमाचा. रजिस्टर उघडलं, शाईचं पॅड पुढं केलं. "कागद मिळाल्याचा अंगठा करा. पुरुषाचा डावा लागतो."

सुखदेवला सही येत नाही. त्यानं डावा हात टेबलावर ठेवला.

क्लार्कनं हाताकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, पेन कानामागं लावलं. "उजवा घेतला असता," तो म्हणाला, "पण उजवा बायांचा असतो."

मागं रांग वाढत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुखदेव म्हणाला, "मंग हिचाच घ्या जी. दोन वर्सं भांडली तं हेच. मी तं नुसता संगं आलो."

क्लार्कनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि पॅड माझ्याकडे सरकवलं.

मला सही येते. चांगली, जोडाक्षरासकट. पण त्या दिवशी मी उजवा अंगठा शाईत बुडवला.