तांब्या

सुंदर कादंबरी मिटताच तुम्हाला घरच्याच माणसांची किळस आली आहे का कधी? उसाच्या उकळत्या रसाचा वास आला की मला आमच्या गुऱ्हाळावरची ती दुपार आठवते. तिथं बसून मी एक कादंबरी वाचून संपवली होती, शिवाशिवीपायी विहिरीकाठी तहानेनं मरणाऱ्या बाईची. वाक्यं ओवीसारखी, म्हणूनच जास्त झोंबणारी. डोळे पुसून मान वर केली, तर काका चिपाडं वाळवणाऱ्या बाईच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतत होते. “तांब्या हातात द्या की!” मी ओरडलो. “पुस्तक वाचून आम्हास्नी शिकवतोस व्हय रं? त्यास्नी असंच देत्यात,” काका हसले. “असू द्या दादा, पाणी मिळालं की,” बाई म्हणाली. निम्मं पाणी तिच्या कोपरांवरून मातीत गेलं होतं. त्या गुऱ्हाळाचा गूळ मी आजही तोंडात घालत नाही. तुमच्या दारात कुणी पाणी मागितलं, तर तांब्या त्याच्या हातात द्या.