टिकलीची जागा

कपडे धुवायच्या मशीनच्या तोंडावर प्लास्टिकची छापील पट्टी असते. पट्टीवर इंग्रजी अक्षरं, पट्टीखाली बटणं. माझ्या बायकोला ती अक्षरं वाचता येत नव्हती, मलाही नाही. म्हणून तिने दाबायच्या बटणावर आपली लाल टिकली चिकटवली होती. दाबून दाबून तिथे बोटाएवढा खळगा पडला होता.

बायको गेली. मग पट्टी फाटली, तेव्हा मेकॅनिकने नवी लावली.

"बघा आजोबा, कसं चकाचक झालं!"

"तुझं चकाचक तुझ्या घरी ने. टिकली कुठाय?"

"ती गेली की जुन्या पट्टीबरोबर कचऱ्यात."

माणसाचं सगळं काही तिरडीवरून जात नाही. थोडं घरात उरतं, आणि तेही कुणीतरी असं सोलून नेतं. त्या दिवसापासून मी मशीनला हात लावला नाही. कपडे नळाखाली धुतो. घरात दुसरं कुणी नाही.

परवा धूळ पुसायला गेलो. नवी पट्टी अजून कोरी करकरीत आहे. फक्त टिकलीच्या जागेवरची अक्षरं पुसट झालीत, आणि तिथे खळगा पडू लागलाय.

कुणाला सांगितलं नाही. आता मळके कपडे मशीनपाशी ठेवतो, आणि दुपारभर बाहेर ओट्यावर बसतो.