रस्टीसाठी पाणी

दिंडोरीजवळच्या एका वायनरीत शेखर गांगुर्डे पाहुण्यांना वाइन चाखायला देतो. आधी तो तिथंच बागेत छाटणीला होता. नाशिकला बसने ये-जा करून त्याने इंग्रजीचा क्लास केला, तेव्हा कुठे मालकांनी त्याला वरच्या मजल्यावर, पाहुण्यांच्या टेबलांवर घेतलं. घरात इंग्रजी बोलणारा तो एकटाच, आणि त्याचा त्याला ताठाही होता. एखादं वाक्य कळलं नाही तरी तो विचारायचा नाही. ओळखीचे शब्द पकडायचे, अर्थ जुळवायचा आणि हसून ‘शुअर, शुअर’ म्हणायचं. बहुतेकदा निभावून जायचं.

यंदा मे महिन्यात पुण्याचे सॅम्युअल पती-पत्नी पुन्हा आले. वयस्कर, शांत माणसं. गेल्या वर्षी त्यांचा म्हातारा कुत्रा रस्टी दुपारभर शेखरच्या पायाशी पडून होता.

“व्हेअर इज रस्टी, मॅडम?” शेखरने विचारलं.

बाई म्हणाल्या, “वी हॅड टु पुट हिम डाऊन.”

पुट म्हणजे ठेवणं, डाऊन म्हणजे खाली. कुत्र्याला खाली गाडीतच ठेवलंय, असं शेखर समजला.

“नो, नो, मॅडम! टू मच हीट! आय विल ब्रिंग हिम अप!” असं हसत म्हणत तो वाडगाभर पाणी घेऊन जिना उतरलासुद्धा.

गाडी रिकामी होती. त्यांचा ड्रायव्हर सहादू लिंबाखाली बसला होता.

“दादा, रस्टी कुठंय?”

“रस्टी? तो गेला की मार्चमध्ये. कॅन्सर होता, लय हाल चालले होते. शेवटी डॉक्टरकडून इंजेक्शन द्यावं लागलं. बाई अजून सावरल्या नाहीत. का हो?”

‘पुट हिम डाऊन’ म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं, हे शेखरला आता कळलं. त्याने पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं. वर जाऊच नये, असं त्याला वाटलं. तरी गेला.

बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. साहेबांचा हात त्यांच्या पाठीवर होता.

“सॉरी, मॅडम. आय डिड नॉट अंडरस्टँड,” शेखर म्हणाला.

“इट्स ऑल राइट,” साहेब म्हणाले. बाईंनी नुसती मान हलवली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने भरलेले ग्लास तसेच सोडून दोघं निघून गेले.

घरी त्याने बायकोला, तेजस्विनीला सगळं सांगितलं. ‘ब्रिंग हिम अप’, म्हणजे ‘त्याला वर घेऊन येतो’, हे ऐकून ती आधी फिसकन हसली, मग त्याचा चेहरा बघून तिने हसू आवरलं.

“अहो, तिथंच विचारायचं ना, काय म्हणालात म्हणून?”

“विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, मला येत नाही ते.”

ती उठून ताटं घ्यायला गेली. त्याला ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मुंबईचे एक पाहुणे म्हणाले, “वी विल टर्न इन अर्ली टुनाइट.” ‘शुअर’ ओठांवर आलं होतं. शेजारच्या टेबलापाशी कामाला लागलेली नवीन पोरं उभी होती, ऐकत होती. शेखरचे कान तापले.

“सॉरी सर,” तो म्हणाला, “टर्न इन म्हणजे काय?”

“म्हणजे लवकर झोपणार,” पाहुणे मराठीतच म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं. शेखरने मान खाली घालून बाटली पुसायला घेतली.